तिचं तिनं करायचं

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या माणसाला गल्लीत दुसरं कुठलं नाव मिळणार? लहानथोर सगळे त्यांना कवळीकाकाच म्हणत. घराच्या मागच्या खोलीत त्यांचं काम चाले. फळीवर ओळीनं मांडलेले प्लास्टरचे जबडे, स्पिरिटच्या दिव्यावर मऊ होणारं गुलाबी मेण, आणि खोलीतल्या झाडून सगळ्या वस्तूंवर बसलेली पांढरी भुकटी. दातांचे डॉक्टर साचे पाठवत, काका त्यावरून दात बसवून देत. एखादी कवळी टोचते म्हणून परत आली, की ते ती उजेडात धरत, अंगठ्यानं चाचपत आणि जिथं टोचत असेल तिथं हलक्या हातानं कानस फिरवत. टोचेल तिथं घासून गुळगुळीत करायचं, हा त्यांचा धंदा होता, आणि इतक्या वर्षांत तो त्यांचा स्वभावही होऊन बसला होता.

त्यांच्या लेकीला घरात खारू म्हणत. ती जन्मली तेव्हा तिचे ओठ आणि नखं जांभळी होती. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली, असं डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. आठवडाभराचीही नव्हती तेव्हा तिची छाती उघडून त्या वाहिन्या जागच्या जागी जोडल्या. शस्त्रक्रियेनंतर काचेच्या पेटीत पाय पोटाशी घेऊन पडलेला तो जीव काकांना खारीच्या पिलासारखा दिसला, आणि तेच नाव चिकटलं. पुढे तिचं विसरणं वाढत गेलं तेव्हा आई म्हणायची, "नाव बरोबर ठेवलंत. खारसुद्धा दाणे पुरून ठेवते आणि कुठे पुरले ते विसरून जाते."

खारू विसरायची म्हणजे किती, तर आई म्हणाली, "वरच्या खोलीतून टॉवेल आण आणि येताना खिडकी लावून ये," तर खारू वर जाऊन खिडकी लावायची आणि तिथेच उभी राहायची. शाळेत बाई तीन सूचना एका दमात देत. पहिली हिच्या कानात असतानाच तिसरी देऊन होई. मार्क काठावरचे. बाई म्हणत, लक्ष देत नाही. काका काही म्हणत नसत. ते रात्रीच तिचं दप्तर भरून ठेवत, नकाशे रंगवून देत, सकाळी दारात उभं राहून डबा, पाणी, चष्मा असा पाढा म्हणत. ज्या पोरीला मरणाच्या दारातून ओढून आणलं, तिच्याकडून पाढे कसले घोकून घ्यायचे, असं त्यांचं म्हणणं.

आई औषधांच्या दुकानात काउंटरला होती, रोकठोक बाई. ती म्हणायची, "तळहाताच्या फोडासारखं जपता तुम्ही तिला. फोड कधीतरी बरासुद्धा व्हावा लागतो."

खारू पंधरा वर्षांची झाली त्या वर्षी इस्पितळातल्या नेहमीच्या तपासणीत डॉक्टरांनी यंत्र बाजूला ठेवून विचारलं, "हृदय उत्तम चाललंय. शाळा कशी चाललीये?"

खारूनं बाबांकडे बघितलं. काका म्हणाले, "ठीक आहे."

"मी तिला विचारतोय."

"मी विसरते," खारू म्हणाली. "म्हणजे मला कळतं सगळं. पण राहत नाही."

डॉक्टरांनी मान हलवली, जणू त्यांना हेच ऐकायचं होतं. लहानपणी अशा शस्त्रक्रिया झालेल्या बऱ्याच मुलांना मोठेपणी हा त्रास होतो, ते म्हणाले. जन्माच्या आधीपासून मेंदूला प्राणवायू थोडा कमी पोचलेला असतो. एकाच वेळी चार गोष्टी डोक्यात धरून ठेवणं जड जातं. हा आळस नाही, ढपणाही नाही. खारूचा चेहरा तेव्हा जो खुलला तो काकांनी पूर्वी कधी पाहिला नव्हता. वेंधळी, धांदरट, कोरी पाटी, सगळ्या बिरुदावल्या एका वाक्यात उतरल्या होत्या.

त्याच मजल्यावरच्या एका खोलीत एक प्रशिक्षक ताई बसत. अशा मुलांसाठी त्यांच्याकडे संगणकावरचा सराव होता आणि त्याचा कितपत उपयोग होतो हे त्या तपासत होत्या. पडद्यावर चौकटीत दिवे लागायचे, ज्या क्रमानं लागले त्या क्रमानं बोट ठेवायचं. आकडे ऐकायचे आणि उलटे सांगायचे. आठवड्यातून पाच दिवस, घरीच, शाळेतून आल्यावर. ताई दर आठवड्याला फोन करणार.

"बरोबर आलं की पुढचं अवघड होतं, चुकलं की सोपं होतं," ताईंनी सांगितलं. "ते सतत तुझ्या दमाच्या किंचित पुढे राहतं. म्हणून दमायला होणार, चिडायला होणार. चालेल. फक्त एक गोष्ट. तिचं तिनं करायचं." शेवटचं वाक्य त्यांनी काकांकडे बघून म्हटलं.

"अर्थात," काका म्हणाले. चपला बाहेर काढा, मोबाइल बंद ठेवा, तशीच ही एक सूचना, असं त्यांना वाटलं.

पहिले दोन आठवडे बरे गेले. बैठकीच्या खोलीत टेबलावर संगणक मांडला. खारू केस वर बांधून बसायची. तिनं स्वतःची एक युक्ती काढली. चौकटीतल्या प्रत्येक जागेला घरातल्या माणसाचं आणि वस्तूचं नाव दिलं आणि दिवे लागले की ती पुटपुटायची, "आई, मोरी, आई, बाबा." एके दिवशी, "आई, जिना, बाबा, बाबा, मोरी," असे पाच बरोबर आले तेव्हा ती खुर्चीसकट गोल फिरली. मागच्या खोलीतून काकांनी विचारलं, "मोरी आणि मी शेजारी शेजारी का?"

"तूच ठरव कोण कुणाच्या शेजारी," ती म्हणाली, आणि दोघं खूप हसले.

मग शाळेच्या चाचण्या लागल्या. खारू घरी यायची ती पिळून काढलेल्या फडक्यासारखी. सरावाला बसायची, निम्म्यात उठायची. एका संध्याकाळी लागोपाठ चुकली आणि माउस टेबलावर आपटून आतल्या खोलीत जाऊन झोपली. पडद्यावर अर्धवट सराव तसाच उघडा होता. सत्र अपुरं राहिलं की तिकडे ताईंना कळतं, हे काकांना माहीत होतं. अपुरी सत्रं वाढली तर पोरीला यातून काढतील, अशी भीती त्यांच्या मनात बसली. हात पुसून ते टेबलाशी आले. फक्त आजच्यापुरतं, असं म्हणत त्यांनी राहिलेला सराव पुरा केला.

आयुष्यभर दाताच्या केसभर उंचवट्यावर नजर ठेवलेला माणूस तो. त्यांना त्यात काय अवघड? पाच दिवे, सहा दिवे, सात दिवे. आपलं वय झालं तरी डोकं शाबूत आहे, असं वाटून त्यांना मजासुद्धा आली.

दुसऱ्या दिवशीही खारू दमली. तिसऱ्या दिवशीही. काका पुरं करत गेले. ती झोपलेली असे किंवा आंघोळीला गेलेली असे. आई दुकानातून यायच्या आत सगळं आटपलेलं असे.

आणि मग एका संध्याकाळी ते चहाचा कप घेऊन तिच्या मागे उभे होते तेव्हा त्यांनी पाहिलं, पडद्यावर सात दिवे लागले. खारूचं बोट दोन जागांवर गेलं आणि अधांतरी थांबलं. चूक. पुन्हा सहा. चूक. तिची युक्ती मध्येच तुटायची. "आई, मोरी, आई," आणि मग नुसतेच हलणारे ओठ.

काल त्यांनी जिथं सोडलं होतं तिथून ते यंत्र आज सुरू झालं होतं. पोर बापाच्या पायरीवर उभी होती.

त्याच वेळी बोलले असते तर गोष्ट इथेच संपली असती. कप खाली ठेवून एवढंच म्हणायचं होतं, खारू, ही पायरी तुझी नाही. पण ताईंना काय वाटेल, आई काय म्हणेल, पोरीला काढूनच टाकतील, असे नाना विचार त्यांच्या मनात आले, आणि त्यांनी आपल्या सवयीचा उपाय केला. ती उठून गेल्यावर ते बसले आणि आता मुद्दाम चुकत गेले. एक दिवा चुकवायचा, एक बरोबर द्यायचा, पुन्हा दोन चुकवायचे. टोचणारी कवळी घासावी तसं त्यांनी ते यंत्र घासून खाली आणलं, तिला नेमकं बसेल असं.

निदान त्यांना तसं वाटलं. खारूला काय वाटलं ते त्यांना नंतर कळलं. आधी रोज चुकत होती, रोज मागे पडत होती, आणि अचानक एके दिवशी सगळं सोपं झालं. ती बरोबर उत्तरं देत होती, पण खुर्ची फिरवत नव्हती.

शनिवारी ताईंचा फोन आला. काकांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. आई कणीक मळत होती, खारू मटार सोलत होती.

"खारू, छान चाललंय हं तुझं," ताई म्हणाल्या. "मध्ये तर तू खूपच वर गेली होतीस. आता जरा खाली आली आहेस, पण ते होतं. मी खूश आहे."

आईनं खुणावलं तेव्हा खारू "थँक्यू" म्हणाली. फोन बंद झाल्यावर ती शेंगेतून दाणे काढत राहिली, आणि मान वर न करता तिनं विचारलं, "बाबा, माझं हृदय खरंच बरं आहे का?"

"हे काय आता? डॉक्टरांनी सांगितलं ना."

"डॉक्टरांनी सांगितलं. ताईंनी पण आत्ता सांगितलं, खूप वर गेले होते. मी कुठे वर गेले? मला एकसुद्धा येत नव्हतं. मग माझी दया आली म्हणून त्यांनी सोपं करून दिलं आणि वर शाबासकी. मला काय कळत नाही?" तिचा आवाज चढला नव्हता. "लहानपणापासून सगळे मला बरं वाटावं म्हणून बोलतात. मग तेही तसंच असेल. हृदयाचं."

आईचे हात कणकेत थांबले. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, कारण त्याचा चेहरा तिला वाचता येत होता.

काकांनी खुर्ची ओढली आणि बसून सांगितलं. पहिल्या संध्याकाळपासून सगळं. सांगताना ते "फक्त तुला त्रास होऊ नये म्हणून" हे शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते, आणि दर वेळी ते शब्द आणखी पोकळ होत होते.

खारूनं पूर्ण ऐकून घेतलं. "म्हणजे मी मागे गेले नव्हते," ती म्हणाली.

"नाही गं. अजिबात नाही."

"मला वाटायचं, माझं डोकं नासायला लागलंय. रोज रात्री वाटायचं, उद्या आणखी कमी येईल. एक दिवस काहीच येणार नाही." तिनं हातातली शेंग खाली ठेवली. "आणि तू मागे उभा राहून बघत होतास."

ती उठून आत गेली. दार आपटलं नाही, नुसतं लोटून घेतलं.

आईनं हाताची कणीक पुसली. मग म्हणाली, "दिवसभर काउंटरला लोकांना सांगते मी, दुसऱ्याची गोळी घेऊ नका. आणि माझ्याच घरात दुखणं तिचं आणि औषध तुम्ही घेत होतात."

सोमवारी तिघं ताईंच्या खोलीत बसली. काकांनी तिथेही सगळं सांगितलं. ताई रागावल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं. त्यांनी पडद्यावर वर चढून खाली उतरणारी रेघ दाखवली.

"यातलं तुझं कुठलं आणि बाबांचं कुठलं, हे आता वेगळं काढता येणार नाही," त्या खारूला म्हणाल्या. "त्यामुळे आमच्या अभ्यासातून तुला वगळावं लागेल. तो नियम आहे. पण सराव तुला पहिल्यापासून पुन्हा करता येईल. मी स्वतः फोन करत जाईन."

"नको," खारू म्हणाली.

"विचार करून सांगितलंस तरी चालेल."

"केला विचार. आता बरोबर आलं तरी मला वाटणार, बाबानं काहीतरी केलं असेल."

काका समोरच बसले होते. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. खाली वाहनतळावर एक माणूस गाडीची काच पुसत होता, पुसून झालेली पुन्हा पुसत होता.

ताईंनी रेघेचा सुरुवातीचा तुकडा मोठा केला. "हे बघ. हे पहिले दोन आठवडे. हे सगळं तुझं एकटीचं आहे. इथून इथवर तू स्वतः आलीस."

तो तुकडा अगदी छोटा होता, चढही बेताचाच. खारू पुढे वाकून तो बघत राहिली. आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला तरी ती हलली नाही.

निघताना काका मुद्दाम मागे रेंगाळले. त्यांनी दारातून विचारलं, "ताई, तिचं नुकसान झालं का? खरं सांगा."

"मला माहीत नाही," ताई म्हणाल्या. "काही मुलांना या सरावाचा उपयोग होताना दिसतो, काहींना काहीच होत नाही. तिला झाला असता का, ते कळायला तो तिनंच पुरा करायला हवा होता. आता ते कुणालाच सांगता येणार नाही."

नुकसान झालं, असं त्या म्हणाल्या असत्या तर काकांनी ते डोक्यावर घेऊन वाहिलं असतं. झालं नाही म्हणाल्या असत्या तर सुटले असते. पण ही तिसरीच गोष्ट होती आणि ती कुठे ठेवायची हे त्यांना कळेना. कवळी करता करता मध्येच हात थांबायचा. पाच दिव्यांवरून ती सहावर आली असती का? सहावर आली असती तर शाळेच्या बाईंच्या तीन सूचना तिच्या डोक्यात मावल्या असत्या का? असं हे मोजणं सुरू झालं की त्याला अंत नसे. एकदा मेण दिव्यावर राहून जळालं, तो वास दोन दिवस घरात होता.

खारू त्यानंतर बापाशी भांडली नाही. बोलायची, हसायचीसुद्धा. फक्त दप्तर स्वतः भरायला लागली. काकांनी सकाळी दारात पाढा सुरू केला की ती शांतपणे म्हणायची, "नको, बाबा." मग डबा घरीच राहायचा. एकदा वार्षिक परीक्षेला चष्मा राहिला. तो टेबलावर पडलेला काकांना दिसला, तेव्हा ती अजून जिन्यातच होती. त्यांनी चष्मा उचलला, दारापर्यंत गेले, आणि तिथेच घुटमळले. हाक मारावी तर ती म्हणणार, पुन्हा सुरू झालं का. न मारावी तर पोर परीक्षेत डोळे ताणत बसणार. शेवटी हाक मारली, तोवर ती कोपऱ्यावरून वळलेली होती. त्या पेपरात ती नापास झाली. पुन्हा बसली आणि पास झाली. तिनं कुणाला बोल लावला नाही.

शाळा संपल्यावर तिनं रोपवाटिकेत काम धरलं. ते तिनं स्वतःच शोधलं. कुठल्या रोपाला किती पाणी, हे ती मनगटावर पेनानं लिहायची, मोबाइलवर गजर लावायची, तरी कधी कधी विसरायची. मग मालकिणीला सरळ सांगायची, "मी विसरले. माझ्या डोक्यात एका वेळी फार राहत नाही. आता घालते." मालकीण आईला एकदा म्हणाली, "पोरगी विसरते, पण लपवत नाही. मला तेवढं पुरतं." आईनं हे घरी येऊन सांगितलं तेव्हा काका म्हणाले, "चांगलं आहे," आणि मागच्या खोलीत निघून गेले.

अठरा पूर्ण झाल्यावर तिची तपासणी मोठ्यांच्या विभागात होऊ लागली. पहिल्या खेपेला काका सोबत गेले. नर्सनं नाव पुकारलं तसे ते सवयीनं उठले. खारूनं त्यांच्या दंडावर हात ठेवला.

"तू बस इथे. मी जाऊन येते."

"मला कळायला नको का, काय म्हणतात ते?"

"मी सांगेन ना."

ते बसले. बाकावर शेजारी एक तरुण जोडपं होतं, मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. इथल्या लिफ्टनं लहान मुलांच्या विभागात जायचं का, असं त्या बाळाच्या बापानं विचारलं. काकांनी वाट सांगितली. बापानं विचारलं, "तुमचं कोण आत आहे?"

"मुलगी. तिचंही असंच होतं, जन्मतः."

"आता कशी आहे?"

काकांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की ते त्यांना माहीत नाही. ते आत चाललं होतं, बंद दाराआड, आणि तिथं त्यांना बोलावलं नव्हतं. "नोकरी करते," ते म्हणाले. बाळाची आई हसली, तिला तेवढं उत्तर पुरलं. लिफ्ट आली आणि ते जोडपं गेलं.

खारू बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पुढच्या तारखेची चिठ्ठी होती. ती तिनं लगेच घडी करून पाकिटात ठेवली आणि मनगटावरही लिहून घेतली. काका उभे राहिले.

"काय म्हणाले?"

"बरं आहे. एका झडपेतून थोडं रक्त मागे येतंय, त्यावर लक्ष ठेवू म्हणाले. आत्ता काही करायचं नाही."

"नक्की? एवढंच म्हणाले?"

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर समजूत तरी घालता आली असती.

"एवढंच, बाबा. मी कशाला खोटं सांगू तुला?"

ती जिन्याच्या दिशेनं निघाली. लिफ्ट नको, चढउतार करायला डॉक्टरांनी सांगितलंय, असं चालता चालता म्हणाली. काका कठड्याला धरून तिच्या मागोमाग उतरू लागले. गुडघे कुरकुरत होते. एक मजला खाली गेल्यावर ती थांबली. ते आपल्या पायऱ्या आपल्या आपण उतरून येईपर्यंत ती तशीच थांबून राहिली. हात तिनं पुढे केला नाही, आणि त्यांनीही मागितला नाही.